उसात अडलेली मिरवणूक

लातुरात कधी आलाच नाही अशा हत्तीची मिरवणूक मी एकदा पेपरात काढली. तीही तीन कॉलमी.

भूकंपानंतर बाहेरच्या पत्रकारांना गावं दाखवत हिंडता हिंडता मी नांदेडच्या एका दैनिकाचा लातूरचा वार्ताहर होऊन बसलो होतो. पुढं शहरात क्लासेसचं पेव फुटलं आणि प्रत्येक क्लासवाल्या सरांना पेपरात झळकायची घाई झाली. कुणी फुगे सोडले, कुणी बँडबाजा लावला. एका सरांनी तर बोर्डात चमकलेल्या पोरीला हत्तीवर बसवायचं ठरवलं.

मिरवणूक संध्याकाळची, माझं बातम्यांचं पाकीट मात्र दुपारच्या एसटीनं नांदेडला जायचं. सरांनी सकाळीच प्रेस नोट हातात ठेवली: ‘मिरवणूक उत्साहात पार पडली.’ प्रेस नोटेत सगळं आधीच पार पडलेलं असतं. मी त्यात ‘नागरिकांची अलोट गर्दी’ एवढी पदरची भर घातली आणि पाकीट एसटीत टाकलं.

इकडं निलंग्याहून येताना हत्ती उसाच्या फडात शिरला, तो बाहेरच येईना. फेटा बांधून ताटकळलेली पोरगी शेवटी रिक्षानं घरी गेली.

सकाळी बातमी छापून आली, हत्ती आलाच नव्हता हे लातूरच्या वाचकांनी नांदेडला कळवलं आणि संपादकांचा फोन आला. “हत्ती दाखवा, नाहीतर ओळखपत्र जमा करा.”

सासरवाडीत माझी जी काही पत होती, ती त्या ओळखपत्रावरच. सरांकडं धावलो. ते निवांत. “छापून आलं न्हवं? मग झालीच की मिरवणूक.”

मग फडावर जाऊन माहुताला गाठलं. तो हत्तीकडं बोट दाखवत म्हणाला, “साब, मैं क्या करूं? उनो सुनताच नै.”

घरी येऊन सगळं खरं लिहून पाठवलं: ऊस, रिक्षा, आणि फक्त माझ्याच डोक्यात जमलेली अलोट गर्दी. संपादक पोटभर हसले, पहिल्या पानावर छापलं आणि माझं ओळखपत्र बचावलं.

आठवड्याभरात खेड्यापाड्यांतले पालक स्टँडवर विचारू लागले, “ते हत्तीवालं क्लास कुठं हाय?” सरांनी क्लासच्या पाटीवर हत्ती रंगवून घेतला आणि आमच्या घरी पेढे घेऊन आले. “लई झकास जाहिरात केली तुम्ही. एवढं आमाला सुचलं नसतं.”

ते गेल्यावर बायकोनं पेढा तोंडात टाकला.

“अहो, पुढच्या बारीला प्रेस नोट आली की आधी हत्तीला विचारत जा. सरांचं न ऐकणारा सगळ्यांत तेवढा एकच निघाला.”