थोरा घाम

मे महिना, बदलापूर गाव, दारात टॅक्सी. आणि मी अंगात स्वेटर चढवून उभी! परदेशात थंडी म्हणून इथूनच तयारी. काय ती बावळट ऐट! घामानं पावडर गळ्यापर्यंत ओघळलेली. पायरीवर धाकटा भाऊ सदू, डोक्यावर ओला पंचा, मला वारा घालत म्हणाला, "बाय, तुजा घाम मना दे ना थोरा."

सदूला घाम येत नसे. तोंडात दोनच दात, तेही टोकदार. डोक्यावर चार केस. जावळ काढायला न्हावी यायचा, मामा मांडी घालून बसायचा, दोघं चहा पिऊन उठायचे. आई म्हणायची, "येतीन गो केस. पोराला घाई नाय, तुला कशाला?" माझेही दोन दात आलेच नाहीत. ती फट मी ठसक्यात मिरवली.

टोरांटोहून मी लिहायची, सदू, इथे ये, पंचा लागणार नाही. तो यायच्या आधीच एका मे महिन्यात शेजारच्या शहरातल्या कॅम्प चारच्या वस्तीतून, पत्र्याखालच्या जीन्सच्या कारखान्यातून तापानं फणफणत घरी आला. त्या दिवशी पंचा भिजवायलाही नळाला पाणी नव्हतं. तो गेला.

माझी नात इरा सदूच्या गोष्टी ऐकत वाढली. आता प्रयोगशाळेत अंड्यातल्या पिलांना पिसं कशी फुटतात ते बघते. तिनं समजावलं: पोटातल्या बाळाच्या कातडीत पेशी एकमेकींना इशारे देतात. त्यातूनच ठरतं, इथे केस, इथे दात, इथे घामाची ग्रंथी. सदूच्या एका जनुकात चूक होती, म्हणून एक इशारा पोचलाच नाही. चूक आईकडून आलेली. माझ्याकडेही आली, पण बायकांकडे त्या जनुकाची दुसरी प्रत असते, म्हणून मी दोन दातांवर सुटले. आणि ती चूक पुढे दिली. लेकीला, इराला.

इराचा मुलगा आता सहा महिन्यांचा आहे. कपाळ कोरडं, डोकं तुळतुळीत. इरा विचारते, "आजी, जावळ गावाला करूया?" मी म्हणते, "येतीन गो केस." आम्हा दोघींनाही माहीत आहे.

गावात राहिलेल्यांनो, ती पायरी आता बिल्डिंगखाली गेली म्हणता. जाऊ दे. माझं घर पायरीवर बसलेलं होतं, ओला पंचा घेऊन. इथे हीटरपाशी मला घाम फुटतो, तो मी पुसत नाही. तळहातावर घेते, पोराच्या कपाळावरून फिरवते.

घे रे बाबा. थोरा.