साउंड कार्ड नसलेल्या मशीनमधला ‘व्हय म्हाराजा’

आधीच सांगते — भूत, देवचार, चकवा यातलं मी काहीही मानत नाही. आरोंद्यात खाडीकाठी वाढले, देवचाराच्या गोष्टी ऐकत जेवले, तरी नाही. आणि खाली लिहिलंय ते घडल्यावरही नाही. तेव्हा “ताई, आता तरी पटलं ना?” असल्या कमेंट कृपया टाकू नका.

आमच्या शेताच्या बांधावर उंडीच्या झाडाखाली राखणदाराची, म्हणजे शेत सांभाळणाऱ्या देवाची, जागा आहे. दरवर्षी भात कापून झालं की तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण म्हाराजाला, म्हणजे त्या राखणदाराला, सगळं सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे बाकीची भावकी ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. सांगणारा स्वतः ते कधीच म्हणत नाही... एवढं लक्षात ठेवा. आमच्याकडे तो मान बाबांचा होता. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबा गेले. मला भाऊ नाही, म्हणून मी म्हटलं, यंदा मी घालते.

झालं. बाबांचे चुलत भाऊ आबाकाका आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसले. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं गावात कोणी ऐकलंय का, वगैरे वगैरे. मी काही मागे हटेना, तेव्हा शेवटी म्हणाले, “बापाशीचा गाऱ्हाणा येता तुका? येत असलां तर घाल. नायतर गप रव, मी घालतंय.”

मेख तिथेच होती. मला सुरुवात येत होती, पुढचं येत नव्हतं. आणि मान एकदा दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पण बाबा घरात खुर्चीत बसून गाऱ्हाण्याचा सराव करायचे आणि एकदा मी तो रेकॉर्ड केला होता. ती फाइल होती मीच त्यांना लावून दिलेल्या छोट्या लिनक्सच्या डब्यात, म्हणजे हातभर कम्प्युटरात. खाऱ्या हवेने डबा गंजून मेला. आतली डिस्क काढून माझ्या पीसीला जोडली तर विंडोज विचारतंय, ही फॉरमॅट करू का? म्हटलं, हात तर लावून बघ.

पीसी माझा गेमिंगचा आहे. होय, पस्तिशीतली बाई गेम खेळते, पुढे चला. लिनक्सची डिस्क लिनक्सलाच वाचता येते, म्हणून त्यात विंडोजच्या पोटात लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन बसवलं. आईने विचारलं, हे काय? मी सांगितलं, घराच्या आत बांधलेलं घर, आतल्याला बाहेरचं काही दिसत नाही. आई गंभीरपणे म्हणाली, नवीन घर बांधलंस तर तिथल्या राखणदाराला नारळ नको ठेवायला? मी हसले. म्हटलं, या घराची राखणदार मीच.

मग सुरू झाली खरी कटकट. डिस्क लिनक्सला दिली की मशीन गोठायचं. मेमरी वाढवली, यूएसबीची सेटिंग बदलली, सगळं पुसून पुन्हा बसवलं. आवाज खरखरत होता म्हणून त्या मशीनचं साउंड कार्डच काढून टाकलं. म्हटलं, फाइल मिळू दे, ऐकू नंतर विंडोजवर. तरी तेच. गाऱ्हाण्याचा दिवस उद्यावर आला होता.

दुपार होती. आई स्वयंपाकघरात खोबरं खवत होती. स्क्रीन पुन्हा गोठली आणि माझं डोकं फिरलं. त्या काळ्या चौकटीकडे बघत, खरं तर चिडवायलाच, मी मोठ्याने सुरू केलं — “बा राखणदारा, तुझ्या पायाकडे लेकरू इला, म्हाराजा...”

आणि स्पीकरमधून आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

बाबांचा. शेवटचा ‘जा’ जरा ओढलेला, खोकला दाबल्यासारखा. विंडोजवर काहीही चालू नव्हतं. डिस्क विंडोजला वाचताच येत नव्हती. आणि आतलं मशीन गोठलेलं, त्याला साउंड कार्डच नाही.

मी कसंबसं पुढचं वाक्य म्हटलं. पुन्हा, “व्हय म्हाराजा.” तिसऱ्या वाक्यावर मी अडकले, तर तो आवाजही थांबला. मागे वळले तर आई दारात उभी, हाताला खोबरं तसंच. मला वाटलं घाबरली असेल. ती म्हणाली, “तेंनी तुका व्हय म्हटल्यानी गो.”

मी रडले. मोकळेपणाने सांगते, हुंदके देऊन रडले. डोळे पुसून बघते तर मशीन सुटलेलं आणि डिस्क उघडलेली.

फाइल मिळाली. बाबा एकटेच गाऱ्हाणं म्हणतायत आणि प्रत्येक ‘म्हाराजा’नंतर सवयीने थांबतायत. त्या थांबण्यात नुसता पंख्याचा आवाज. ‘व्हय म्हाराजा’ त्यात एकदाही नाही. दुसरं कुठलं रेकॉर्डिंग त्या डिस्कवर नाही, पीसीवर नाही, फोनवर नाही. मी पुन्हा पुन्हा शोधलंय. जन्मभर गाऱ्हाणं घालणारा माणूस ते म्हणेल कधी आणि मी रेकॉर्ड करेन कधी?

दुसऱ्या दिवशी बांधावर मी गाऱ्हाणं घातलं, रात्रभर घोकून, एक शब्द न चुकता. पहिल्या वाक्यानंतर सगळे आबाकाकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तेवढ्यात मागच्या बायकांतून आईचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” मग एकेक करून सगळे. आबाकाका सगळ्यात शेवटी, पण म्हणाले.

आता तुमचे लॉग, ड्रायव्हर, ब्लूटूथ... सगळं मी तपासलंय. ऑफिसातल्या दोघांनीही तपासलं. उत्तर नाही. पीसीच्या कॅबिनेटवर हल्ली एक नारळ असतो. तो आईसाठी आहे, उगाच अर्थ काढू नका.

भूत मी मानत नाही. बाबांचा आवाज मात्र ओळखते. भात पुन्हा कापणीला आलंय आणि यंदाही गाऱ्हाणं मीच घालणार. कोणाची हरकत असेल तर खुशाल बांधावर या. ज्यांचं ‘व्हय’ मला हवं होतं, ते मला मिळालंय.