माझ्या वाट्याचं पाणी

"दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत," डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवत सांगितलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, रक्तात फार वाढलं होतं. पाय सुजायचे, तेव्हा मी वर्गात उभं राहून शिकवण्याला दोष देत होते.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. यंत्र रक्त गाळून परत शरीरात सोडतं. ते मी सोसलं. तहान सोसवेना. लघवी बंद झाल्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठणार, म्हणून चहा-औषधांसकट दिवसाला अर्धा लिटर.

मिठागरात राबून मला बीए करणारी माझी आई तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायची, तेव्हा मी तिच्याकडे अशी बघायचे की ती मोरीत लपून पिऊ लागली.

त्याहून हेवा वाटायचा डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असणाऱ्या फिलूमावशीचा. ती पाचूबंदरला मासळी विकायची. "बाय, माझी अजून होते!" लघवीबद्दल ती असं सांगायची, जणू पोरगी बोर्डात पहिली आली. डॉक्टर तिला माझ्या दुप्पट पाणी देत. वर मलाच शिकवायची, "बर्फाचे खडे कर. पानी पिऊ नको, चघळ." मी मुद्दाम केले नाहीत.

एका सकाळी ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझीपन बंद झाली गो."

आधी मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मग तिने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. अगदी माझ्यासारखी.

पुढच्या वेळी मी थर्मासमधून बर्फाचे दोन खडे नेले. सिस्टरांनी ते दोघींच्या पाण्याच्या हिशोबात धरले. मी माझा लगेच कडाकडा चावायला लागले.

"चावू नको," मावशी म्हणाली. "चर्चात मिस्सेला ख्रिस्तशरीर म्हनून भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवतात, तो आम्ही चावत नाय."

मी थांबले. आधी नुसता गारवा. मग कडा विरघळल्या, जिभेखाली थेंब जमला, हळूच घशात उतरला. पस्तीस वर्षं पाणी प्याले, पण एका थेंबासोबत कधी थांबले नव्हते. डोळे भरून आले. मी कधीच कुठल्या देवळात अशी शांत झाले नव्हते.

डायलिसिसवर नव्याने आलेल्यांनो, हेवा जातो असं मी सांगणार नाही. अजून टोचतो. पण काल मोरीतून तांब्याचा आवाज आला, तेव्हा मी आईला हाक मारली.

"इथे बसून पी."

"तुला तरास होईल गो."

"होऊ दे. सावकाश पी. मला बघायचंय."