नायट्रोजन, ग्राफिक्स कार्ड आणि उमरठची गाय

महाडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मेलेली कार्डं खोक्यात पडतात आणि किस्से टेबलावर. खोकं भंगारवाला घेऊन जातो, किस्से कोण नेणार? ते साठतच राहतात.

आमचं टोळकं तिघांचं. मी, पोलादपूरचे गुरांचे डॉक्टर सुहासदादा आणि दासगावची प्राजक्ता. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिघांना एकच खूळ, ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे गेमची चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं.

*

एकदा माझं आणि दादांचं कार्ड शेजारी लावलं. दोन्हींवर चिप तीच. माझं सुसाट, दादांचं जरा वेग वाढवला की बंद. दादा खट्टू झाले. "माझीच चिप आळशी निघाली काय रे?"

प्राजक्ताने दोन्ही कार्डं उघडली. "चिपला नावं ठेवू नका. खालचा बोर्ड बघा. याच्यावर चिपला वीज पुरवणारे दहा भाग आहेत, तुमच्यावर चार. शिमग्याची पालखी चौघांनी उचलली तर चालेल हो, पण नाचवणार किती?"

दादा म्हणाले, "मग माझा देव बसूनच राहनार म्हना की!"

*

दुसऱ्या दिवशी दादा भिंगातून बोर्ड न्याहाळत होते. चिपपासून मेमरीपर्यंत तांब्याच्या बारीक रेघा जातात. काही सरळ, काही नागमोडी.

"जागा होती की. सरळ का नाय नेली?"

"लांबच्या रेघेतला सिग्नल उशिरा पोचतो," प्राजक्ता म्हणाली. "सगळे एकदम पोचले नाहीत तर जास्त वेगात गोंधळ होतो. म्हणून जवळच्या रेघेला मुद्दाम वळणं देऊन तेवढीच लांब करायची."

दादा वरंध्याच्या घाटात आयुष्यभर बाइक चालवलेला माणूस. "म्हणजे घाट मुद्दाम बांधलाय? नखाएवढ्या जागंत?"

"हो."

दादांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा भिंग लावलं. वाड्यांवरून फोन येत होते, तरी बराच वेळ ते उठले नाहीत. मीही मागून वाकून बघत होतो. रोज हातात येणारी वस्तू, पण त्या दिवशी मला तिच्यावर पेचकस ठेववेना.

*

मग दादांना सुचलं की आपल्या कार्डाची चिप गार करू, म्हणजे ती जास्त पळेल. गुरांच्या डॉक्टरांकडे लिक्विड नायट्रोजनचा कॅन असतो, गायींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात बुडवून ठेवतात. नवा भरून आला की जुन्यातला उरतो. तो आम्ही दारं-खिडक्या उघडून चिपवर बसवलेल्या तांब्याच्या पेल्यात ओतला. दुकानभर धुकं झालं, कार्डावर पांढरं बर्फ धरलं.

स्क्रीनवर वेगाचा आकडा चढला, चढला आणि कार्ड बंद!

"चिप गारठली," प्राजक्ता म्हणाली, "पण तिला जेवायला वाढणारे चौघेच ना?"

*

त्याच सुमारास तिला पुण्याच्या एका कंपनीने सांगितलं, स्वतः डिझाइन केलेला, चालणारा बोर्ड दाखवा, मग मुलाखतीचं बघू. लहानपणापासून तिला हेच काम करायचं होतं. तिने वीज पुरवणारा छोटा बोर्ड आखला, बनवून मागवला आणि दादांच्या त्याच कार्डाला जोडला. व्हिडिओ त्याच दिवशी पाठवायचा होता. पेला बसला, कॅन आला, मी मोबाइल धरला.

तेवढ्यात उमरठहून दादांना फोन. "डॉक्टर, गाय माजावर आलीय. मागच्या दोन्ही खेपा हुकल्या, आता नाय हुकली पायजे."

या वेळी जुना उरलेला नायट्रोजन नव्हता, रेतनाच्या कांड्या त्याच कॅनमध्ये, आणि गाईचा माज जेमतेम दिवसभर टिकतो. दादांनी प्राजक्ताकडे पाहिलं. तिने एकदा घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "जा दादा. गाय कुणासाठी थांबत नाही."

दादा कॅन घेऊन गेले. तिने पेला काढून बाजूला ठेवला, कार्डाचा साधा पंखा परत लावला आणि वेग वाढवायला घेतला. नायट्रोजन ओतूनही जिथे कार्ड बंद पडलं होतं तो आकडा आला, मागे पडला, आणि कार्ड चालतच राहिलं. तोच पंखा, तीच चिप, फक्त वीज येण्याची वाट बदललेली. आम्ही दोघं त्या आकड्याकडे नुसते बघत बसलो.

प्राजक्ता आता पुण्यात बोर्ड आखते. मुलाखतीत साहेबांनी व्हिडिओ पाहून एकच विचारलं होतं, "काम सुंदर आहे. पण शेजारी तांब्याचा पेला तयार दिसतोय. नायट्रोजन का वापरला नाहीत?"

प्राजक्ता म्हणाली, "सर, गाय माजावर आली होती."