बिबड्यांची ज्वारी आणि लाल झालेली पट्टी

फैजपूरला आमच्या अंगणात त्या दिवशी बिबड्यांच्या, म्हणजे आमच्या खान्देशी पापडांच्या, ज्वारीची गडबड चालली होती. नव्वदच्या दशकातला उन्हाळा... मी जळगावला एम.एस्सी. करत होते आणि सुट्टीत घरी आले होते.

बरोबर लॅबमधल्या काही कागदी पट्ट्या आणल्या होत्या. धान्यात नैसर्गिक विष असलं तर एन्झाइममुळे ते सुटं होऊन पिवळी पट्टी लाल व्हायची. सर तिला ऐटीत 'बायोसेन्सर' म्हणायचे, पण कोरड्या ज्वारीवर ती कधीच लाल झाली नव्हती. घरात तर सगळे तिला माझी चिंधी म्हणायचे.

नवी वहिनी पुण्याची. बिबड्यांची ज्वारी नुसती भिजवायची असते हे तिला कुठून माहीत असणार... तिने हौसेने मटकीसारखी ओल्या फडक्यात बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी फडकं सोडलं तर चांगले लांब कोंब!

"काही होत नाही वो माय, दळून आना," शेजारच्या काकू म्हणाल्या. मी मात्र थबकले. ज्वारीच्या कोंबांत सायनाइड असतं हे वाचलेलं होतं. थोडे कोंब ठेचून बाटलीत टाकले, आत पट्टी लटकवली आणि झाकण लावलं. चहा होईपर्यंत पट्टी विटेसारखी लाल!

मी आनंदाने ओरडलेच... मग वहिनीकडे लक्ष गेलं. बिबड्यांसाठी शिजवलेल्या पिठाचा गरम घाटा आमच्याकडे आधी लहान मुलांच्या वाटीत पडतो. उद्या घाटा मिळणार म्हणून गल्लीतली पोरं आत्तापासूनच चकरा मारत होती. त्यांच्याकडे बघत वहिनी उभी होती, आणि मदतीला आलेल्या बायकांची कुजबुज सुरू झाली होती. लग्नाला पुरता महिना झाला नव्हता, आणि आता 'पोरांना विष घालणारी' असं नाव जन्मभर चिकटणार...

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "मीच सांगतलं व्हतं तिले, मोड येऊ दे म्हनून. माह्यी चूक."

कुजबुज थांबली. ज्वारी खड्ड्यात पुरली, पोरांना गूळ-शेंगदाणे मिळाले.

संध्याकाळी वहिनीने हळूच विचारलं, "आई, तुम्ही मला कधी सांगितलं होतं?"

"मंग आता सांगते ना... पुढच्या बारीले मोड येऊ देऊ नको."

मागच्या उन्हाळ्यात वहिनीच्या सुनेने घाटा पार करपवला. वहिनी चटकन म्हणाली, "अगं, गॅस मीच मोठा करून आले होते."

वहिनी तर सकाळपासून बाहेर अंगणातल्या ओट्यावर माझ्याशेजारी बसून होती... मला आईची फार आठवण आली.