चोरखिसा

अजूनही प्रवासाला निघताना माझा हात कमरेकडे जातो आणि श्रीरामपूरच्या स्टेशनाजवळचे शिंपी आठवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाहत्तर साली मी साखरेच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला जर्मनीला निघालो, तेव्हा त्यांनी न विचारताच माझ्या पँटला आतून चोरखिसा शिवला.

"पासपोर्ट हितंच ठिवायचा. झोपतानाबी पँट काढायची न्हाई. ध्यानात ऱ्हाऊ द्या."

मला हसू आलं. मास्तर स्वतः कधी मनमाडच्या पुढे गेले नव्हते.

जर्मनीत पहिल्याच दिवशी स्टेशनवर माझी बॅग चोरीला गेली. भाषा येत नव्हती. मी त्या गर्दीत कमरेवर हात दाबून उभा राहिलो. पासपोर्ट जागेवर होता.

दोन वर्षांनी परतल्यावर मी मास्तरांना हे सांगितलं. वाटलं, खूश होतील.

"त्या वक्ताला संगं कुनी हुतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"घरी कळवलं हुतं?"

"घाबरतील म्हणून नाही कळवलं. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."

मास्तरांनी मशीन थांबवलं आणि स्टुलावरचे कपडे उचलून बाजूला ठेवले.

"बसा," ते म्हणाले. "आता पयल्यापास्नं सांगा."