फवारणीचं विमान

परवा कडावला भातावर औषध मारत होते. त्या उग्र वासाने मला कित्येक वर्षं मागे, आमच्या ग्लायडिंग क्लबच्या मैदानावर नेलं. ग्लायडर ओढून वर नेणारं विमान मिळालं नाही, तर क्लब बंद पडणार होता. नवं परवडत नव्हतं. समोर उभं होतं ते फवारणीचं जुनं विमान.

"हे चढेल का?" मी आमच्या शिक्षिका शालिनीताईंना विचारलं.

"विमान मी चालवते, तू मागं ग्लायडरमध्ये बस. नाय चढलं, तर दोरी सोड आणि खाली उतर."

विमान धडधडत उठलं. माथेरानचा डोंगर समोर मोठा होत गेला. माझा हात दोरी सोडायच्या मुठीवर गेला, पण ताईंनी विमान वळवलं नाही. मग डोंगर हळूहळू खाली राहिला.

उतरल्यावर त्या म्हणाल्या, "हेच घ्यायचं."

मला तो हट्ट वाटला होता. पुढे त्याच विमानामागे मी कितीतरी मुलींना उडायला शिकवलं.